अर्ज मागे घेतल्याचे समजले जाईल

आईचा फोन आला तेव्हा मी इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत दह्याचे नमुने तपासत होते. कामाच्या वेळेत आई कधी फोन करत नसे. सोलापुरात किती वाजले की माझ्याकडे किती वाजतात, हे तिला तोंडपाठ होतं. म्हणून मी हातमोजे काढले आणि बाहेर मोकळ्या जागेत गेले.

"ह्यांना सकाळपासनं बोलता येईना गं," आई म्हणाली. "म्हणजे बोलतायत, पण काय बोलतायत ते मला कळेना. उजवी बाजू गेलीय. दवाखान्यात आणलंय. तू घाबरू नकोस."

मग तिने फोन अप्पांच्या कानाला लावला. मी "अप्पा, अप्पा" म्हणत राहिले. पलीकडून जड जिभेने एकच वाक्य येत होतं. "नन्न कै यल्लि? नन्न कै यल्लि?"

आई पुन्हा फोनवर आली. "काय म्हणतायत गं? मघापासनं हेच चाललंय. इथल्या एक सिस्टर म्हणाल्या, कानडी आहे म्हणून."

"माझा हात कुठंय, असं विचारतायत," मी सांगितलं.

मग तिचा आवाज जरा लांबून ऐकू आला. ती अप्पांना सांगत होती, "हा बघा हात. हा काय. माझ्या हातात आहे बघा." मराठीत सांगत होती. आणि अप्पा पुन्हा तेच विचारत होते.

माझे वडील अक्कलकोट तालुक्यातल्या, अगदी सीमेलगतच्या एका खेड्यातले. घरात, शेतात, देवळात सगळीकडे कानडीच. लहानपणी शिकायला सोलापुरात नातेवाइकांकडे आले तेव्हा त्यांना धड मराठी वाक्य बोलता येत नव्हतं. वर्गातली पोरं त्यांच्या बोलण्याला हसायची. त्याच मुलाने पुढे मराठी घेऊन एम.ए. केलं आणि निवृत्त होईपर्यंत सोलापूरच्या एका शाळेत मराठी शिकवलं. त्यांचं मराठी फार नीटनेटकं होतं. मी बाहेरून खेळून आले आणि 'लई भूक लागली' म्हटलं की ते वर न बघता हळूच 'फार' म्हणायचे. रागवायचे नाहीत. बरोबर शब्द शेजारी ठेवून द्यायचे, मी उचलला तर उचलला.

आई बार्शीची. तीही लिंगायत, पण तिच्या माहेरी कानडी कुणालाच येत नव्हतं. गावी गेलं तरी तिच्याशी सगळे मराठीतच बोलायचे. त्यामुळे आमच्या घरात बोलायचं ते मराठीतच. मला जे कानडी येतं ते मे महिन्याच्या सुट्टीत गावाकडच्या चुलत भावंडांत कानावर पडलेलं. ये, जा, पाणी दे, भूक लागली, मारू नको. एवढ्यावर माझं लहानपण भागलं होतं.

डॉक्टरांनी आईला सांगितलं की आधी शिकलेली भाषा शिल्लक राहते आणि नंतरची जाते, असं काही जणांत होतं. परत येईल का, ते सांगता येत नाही. आईने हे मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे मी बोललेलं त्यांना कळत नसेल का गं आता?"

मी म्हणाले, "कळत असणार. तू बोलत राहा."

त्याच दिवशी निघून यायला काय झालं होतं, असं पुढे गावाकडच्या काकूने मला तोंडावर विचारलं. तिला जे समजावता आलं नाही ते इथे नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अडलं.

तिकडे शिकायला गेलेल्याला विद्यार्थी व्हिसा असतो. अभ्यासक्रम संपल्यावर तो थोडे महिने चालतो आणि मग संपतो. तो संपायच्या आत पदवीनंतरच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. हा मिळाला की माझ्यासारखीला दोन वर्षं राहून काम करता येतं, त्यासाठी कुठल्या मालकाने हमी घ्यावी लागत नाही. हमी घेणारा मालक, ज्याला सगळे स्पॉन्सर म्हणतात, तो मिळणं फार अवघड. ही दोन वर्षं म्हणजे त्याला शोधायला मिळालेली सवड. पण हा व्हिसा आयुष्यात एकदाच मिळतो, अर्ज तिथे राहूनच करावा लागतो आणि निर्णय येईपर्यंत देश सोडायचा नसतो. माझा निकाल उशिरा लागला होता. मी अर्ज केला आणि पाठोपाठ माझा विद्यार्थी व्हिसा संपला. निर्णय अजून यायचा होता. तोवर मी तिथे होते ती फक्त त्या अर्जाच्या जोरावर.

विद्यापीठात परदेशी मुलांना सल्ला द्यायला एक वयस्क गृहस्थ होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि वडिलांचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नियमातलं वाक्य त्यांना वाचून दाखवावं लागलं नाही. तुम्ही देश सोडलात तर अर्ज मागे घेतल्याचे समजले जाईल, ते म्हणाले.

"पण मी तो मागे घेत नाहीये. मी दोन आठवड्यांनी परत येते."

"कशावर येणार?" त्यांनी विचारलं. "विद्यार्थी व्हिसा संपलाय. अर्ज तर राहणार नाही. आणि हा अर्ज बाहेरून करता येत नाही."

मी विचारलं, वडील आजारी असले तर काही सूट असते का. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तुझ्याऐवजी दुसरं कोणी जाऊ शकेल का? भाऊ, बहीण?"

मी एकुलती एक आहे हे सांगताना माझा आवाज फुटला. ते उठले आणि माझ्यासाठी पाण्याचा ग्लास भरून घेऊन आले. याहून जास्त त्यांच्या हातात काही नव्हतं.

प्रयोगशाळेतल्या माझ्या वरिष्ठ बाईंनी मला थांबायचा सल्ला दिला. त्यांनी मला आधी शनिवार-रविवारच्या कामाला घेतलं होतं आणि अभ्यासक्रम संपल्यावर पूर्ण वेळ. व्हिसा आला की जागा कायम, असं त्यांनी कबूल केलं होतं. "कित्येकांचा निर्णय लवकर येतो," त्या म्हणाल्या. "तुझाही येईल. मग लगेच जा, महिनाभर राहा, तुझी जागा मी सांभाळते." मनापासून बोलत होत्या. मी थांबले.

ते दिवस मी फोनवरच काढले. आई फोन स्पीकरवर टाकायची आणि अप्पा बोलायचे. मी इकडून अर्थ सांगायचे. तहान लागलीय. कुशीवर वळवा. पाय आखडलाय. मला न येणारे शब्द मी गावाकडच्या चुलत भावाला फोन करून विचारायचे आणि पुन्हा आईला फोन करायचे. अप्पांची सकाळ माझ्या पहाटे व्हायची. मी उशाशी फोन घेऊन पडलेली असे.

एक दिवस प्रयोगशाळेत तपासणीला बाहेरची माणसं आली होती, फोन लॉकरमध्ये राहिला. संध्याकाळी बघते तर आईचे एकामागून एक फोन येऊन गेलेले. मी लावला. आई रडून रडून घसा बसल्यासारखी बोलत होती.

"दुपारपासनं 'बेळक, बेळक' म्हणत होते. मला वाटलं बेल मागतायत. मी सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन बेलाची पानं घेऊन आले. विभूती लावली कपाळाला, पानं उशाशी ठेवली. तर ती हाताने भिरकावून दिली गं. एवढे चिडले. मग रडायला लागले. मी कधी रडताना बघितलं नव्हतं त्यांना."

"आई, त्यांच्या पलंगासमोर खिडकी आहे का?"

"आहे की. पश्चिमेची."

"बेळक म्हणजे उजेड. उजेड डोळ्यांवर येत होता त्यांच्या."

तिच्या मागे वॉर्डातली भांडी वाजत होती, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. मग ती एवढंच म्हणाली, "नुसता पडदा ओढायचा होता."

मी तिकीट काढलं.

वरिष्ठ बाईंना सांगायला गेले तर त्यांनी मला जवळ घेतलं. परत बोलावू असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. खोटं आश्वासन दिलं नाही याचं मला त्या वेळी वाईट वाटलं, आता वाटत नाही. माझा जाड कोट, कुकर, आईने दिलेली सोलापुरी चादर, सगळं खोलीतच राहिलं. बरोबर राहणाऱ्या मुलीला मी सांगितलं, ठेव, काय ते कळवते. आमच्या दोघींनाही माहीत होतं.

घरी पोचले तेव्हा अप्पांना दवाखान्यातून जुळे सोलापूर भागातल्या आमच्या घरी आणलं होतं. बाहेरच्या खोलीत त्यांचा पलंग टाकला होता. चेहरा एका बाजूला ओढलेला, दाढी वाढलेली. मी पिशवी खाली टाकून त्यांच्याजवळ गेले. ते माझ्याकडे बघत राहिले. आधी त्यांचे डोळे हसले, मी शपथेवर सांगते, हसले. आणि मग ते एकदम विझले.

"याक बंदी?" ते म्हणाले.

मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं. त्यांनी डाव्या हाताने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि पुन्हा म्हणाले, "याक बंदी?"

आईने मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं. तिचा चेहरा उतरला होता. "बंदी म्हणाले ना? त्यांना व्हिसाचं कुणी सांगितलं? मी तर कुणाकडं बोलले नाही."

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं. "अगं आई, कानडीत बंदी म्हणजे आलीस. का आलीस, असं विचारतायत."

आईही हसली. मग आम्ही दोघी थांबलो. का आलीस, एवढंच तर ते विचारत होते.

त्या दुपारी आईने ठरवलं की त्यांना एवढ्यात काही सांगायचं नाही. "डॉक्टर म्हणालेत, मनाला लागेल असं काही कानावर घालू नका. तू सुट्टी काढून आलीयस म्हण. उठून बसू देत जरा, मग बघू." मला ते पटलं. अप्पांचं मला तिकडे पाठवण्यातलं मन आम्ही दोघींनी बघितलं होतं. माझं पत्र आलं, प्रवेश मिळाला, तेव्हा शेजारीपाजारी पेढे वाटायला ते स्वतः गेले होते. एका पिढीत मी अक्कलकोटहून सोलापूरला आलो, पुढच्या पिढीत ही समुद्रापलीकडे गेली, असं ते प्रत्येक दारात सांगत होते. आई मागून ओढत होती, पुरे आता, चला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी मी चहा घेऊन गेले की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "यावाग होगती?" कधी जाणार?

"मुंदिन तिंगळ," मी म्हणायचे. पुढच्या महिन्यात.

ते मान हलवायचे आणि चहा प्यायचे. डाव्या हाताने कप धरायला ते तेव्हा शिकत होते.

व्यायाम करून घ्यायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट यायची. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातली, घरी तेलुगू बोलणारी. तिला कानडी येत नव्हतं, अप्पांना मराठी येत नव्हतं, मधे मी. ती म्हणायची, "सर, पाय उचला." मी माझ्या मोडक्या कानडीत सांगायचे. काही दिवसांनी माझी गरज राहिली नाही. ती हातवारे करायची, अप्पा करायचे. ती सांगायची त्याच्या दुप्पट करायचे. ती गेल्यावरही करत बसायचे.

"तुमचे वडील लई जिद्दी आहेत की ओ," ती एकदा मला दारात म्हणाली. "असा पेशंट मी बघितला नाही. बाकीच्यांना ओरडून करायला लावायचं, ह्यांना बास म्हणून थांबवायचं."

पलंगावर बसणं, मग पाय खाली सोडणं, मग खिडकीची जाळी धरून उभं राहणं. पुढे ते भिंतीला डावा तळवा टेकून बाहेरच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत चालायला लागले. आई त्यांच्या हाताला तेल चोळायची, त्यामुळे त्या भिंतीच्या रंगावर कमरेच्या उंचीला तळव्यांच्या डागांची एक लांब ओळ उमटली. आई ती पुसायला गेली नाही.

एका दुपारी ते असेच चालत असताना मी त्यांना म्हटलं, "साकु, अप्पा." पुरे. घामाने बनियन भिजला होता. त्यांनी भिंतीला पाठ टेकली, दम घेतला आणि सावकाश, एकेक शब्द शोधत म्हणाले, "ना नडितीनि. नी होगु."

मी चालीन. तू जा.

तोपर्यंत मला वाटत होतं की ते बरं व्हायला धडपडतायत. मी त्यांना पलंगापर्यंत नेलं, पंखा लावला आणि गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीमागे उन्हात बसून राहिले.

मी हातपाय हलवत नव्हते असं नाही. पाणी यायच्या दिवशी भांडी, पिंपं भरून झाली की मी बाकीची दुपार तिकडच्या कंपन्यांना लिहीत बसायचे. बाहेरून जायचं तर आता एकच रस्ता होता, स्पॉन्सर. जिथे स्पॉन्सर घेत तिथे माझ्यापेक्षा जास्त अनुभव हवा असे आणि पगाराची अट अशी की नव्या मुलीला तेवढा पगार कोण देणार. बऱ्याच ठिकाणी पहिलाच प्रश्न असायचा, तुम्हाला या देशात काम करायची परवानगी आहे का. नाही म्हटलं की नकार लगेच, कधी कधी त्याच तासात. वरिष्ठ बाईंनाही लिहिलं. त्यांचं उत्तर मोठं आणि प्रेमळ होतं. कंपनी स्पॉन्सर करत नाही, हे त्यात मधेच कुठेतरी एका ओळीत होतं. खोलीवरच्या मुलीने विचारलं, कोटाचं काय करू. मी लिहिलं, कुणाला तरी दे. चादर तुझ्याकडे ठेव.

थंडी सरत आली होती. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठून गेली होती आणि उन्हाला चटका यायला लागला होता. त्या दिवशी दुपारची जेवणं झाली. आईने ज्वारीची कडक भाकरी आमटीत कुस्करून अप्पांना भरवायला घेतली, तर त्यांनी चमचा आपल्या हातात घेतला आणि सगळं जेवण एकट्याने केलं. मग आईला खुणावून पांढरा सदरा मागितला. शाळेत घालायचे तसला. आईने बटणं लावली.

ते उठले. भिंत धरली नाही. आम्ही दोघी मागे धावलो तर त्यांनी हात मागे करून आम्हाला थांबवलं. दार ओलांडलं, पायऱ्या उतरले, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, आणि अंगणातून थेट फाटकापर्यंत चालत गेले. समोरच्या घरातल्या काकू कपडे वाळत घालत होत्या, त्या ओरडल्या, "अगं बाई, सर चालायला लागले की!" आणि टाळ्या वाजवायला लागल्या.

अप्पांनी फाटकाला धरून आमच्याकडे तोंड केलं. त्यांचा वाकडा चेहरा आनंदाने आणखी वाकडा झाला होता. "नोडु," ते मला म्हणाले. बघ. मग बोट माझ्याकडे करून: "सोमवार होगु."

सोमवारी जा.

आईला एवढं कानडी आता कळायला लागलं होतं. ती माझ्याकडे बघायला लागली. अप्पा तिला खुणा करत होते, कपाटावरची माझी बॅग खाली काढ म्हणून. तिने पदर तोंडाला लावला. ते बघून ते गोंधळले. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस. समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याला काय येतं आणि काय येत नाही, हे त्यांना कायम कळायचं.

"एनु?" त्यांनी विचारलं. काय झालं?

मला सांगावं लागलं. पण कशात सांगणार? अर्ज, निर्णय, मुदत, नियम यातला एकही शब्द माझ्या कानडीत नव्हता. आंब्याच्या झाडाखाली खेळताना कुणी असले शब्द बोलत नाही. मी माझ्याकडे होते ते शब्द गोळा केले.

"अप्पा, बागला मुच्च्यार." दार लावून घेतलंय त्यांनी.

"यार?" कोणी?

"सरकार."

"याक?"

का, याचं उत्तर मला येत होतं. तीनच शब्द होते आणि तिन्ही लहानपणापासूनचे.

"ना बंदे, अदक." मी आले, म्हणून.

अप्पा फाटकाला धरून होते, हळूहळू खाली जायला लागले. आम्ही त्यांना धरून फाटकाजवळच्या पायरीवर बसवलं. त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. त्या हाताकडे खूप वेळ बघत राहिले. समोरच्या काकूंना काहीतरी चुकलंय हे कळलं असावं, त्या आत निघून गेल्या होत्या.

मग ते म्हणाले, "माझ्यामुळं."

मराठीत म्हणाले. आजारपणानंतरचा त्यांच्या तोंडून आलेला पहिला मराठी शब्द. त्या शब्दाची आईने किती वाट बघितली होती. रोज त्यांच्यासमोर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची, जुन्या विद्यार्थ्यांची नावं आठवून सांगायची, एखादा तरी शब्द ओठावर येईल म्हणून. आता मी काही भाषांतर करून सांगायची गरज नव्हती. ती त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणत राहिली, "नाही हो, नाही. असं नाही म्हणायचं. तुमच्यामुळं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले. त्यांनी काही विचारलं नाही.

फिजिओथेरपिस्ट आली तेव्हा ते डोळे मिटून पडून होते. तिने हाक मारली, हात हातात घेतला, गमतीने म्हणाली, "सर, रुसलात काय ओ माझ्यावर?" त्यांनी डोळे उघडले नाहीत. ती बरेच दिवस येत राहिली. हात, पाय ती हलवायची आणि ते हलवू द्यायचे, जसं कुणी दुसऱ्याचे हातपाय आहेत. मी त्यांच्याशी बोलले, माझ्या कानडीत, मराठीत, कशातही. मला इथेच राहायचंय म्हणाले. मला तिकडे आवडत नव्हतं म्हणाले. तिथे सूर्य दिसत नाही, भाकरी मिळत नाही, काय काय सांगितलं. ते ऐकून घ्यायचे आणि माझ्या गालावर हात ठेवायचे. पण उठले नाहीत. मराठी शब्दही पुन्हा आला नाही.

मला सोलापुरातच एका दूध संकलन केंद्राच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. सकाळी लवकर जायचं, दुपारी परत. पावसाळ्याच्या शेवटी अप्पांच्या छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं, परत आणलं. आणि एका सकाळी मी दुधाची फॅट तपासत असताना समोरच्या काकूंचा फोन आला की लगेच घरी ये. मी रिक्षाने गेले. फार लांब नाही ते केंद्र. पण मी पोचले तेव्हा अप्पा गेले होते.

त्यांना गावी नेलं. आमच्यात दहन नसतं, माती देतात. कपाळाला विभूती लावून त्यांना मांडी घालून बसवलं होतं, वर्गात शिरल्यावर खुर्चीत बसायचे तसे ताठ. आईच्या माहेरून आलेल्या बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "तू जवळ व्हतीस, लई नशिबाचे तुझे अप्पा." मी हो म्हणत होते.

आता गल्लीतली मुलं कधी कधी माझ्याकडे येतात. बाहेर शिकायला जायचंय, पुढे काम करायला कुठला व्हिसा मिळतो, कुठल्या देशात किती दिवस, विचारतात. मला जे माहीत आहे ते मी सांगते आणि नियम बदलत असतात, स्वतः तपासून घ्या म्हणते. मागे समोरच्या काकूंची भाची आली होती. हुशार आहे, सगळं लिहून घेत होती. अर्ज केल्यावर निर्णय येईपर्यंत देश सोडता येत नाही, हे सांगितल्यावर तिने पेन थांबवलं. "आणि तेवढ्यात घरी काही झालं तर, ताई?"

मी म्हटलं, "तेव्हा तुझं तू ठरवायचं."

आई बरी आहे. त्या महिन्यांत अप्पा बोललेले कितीतरी शब्द तिने कळत नसताना नुसते आवाजाने लक्षात ठेवलेत. भाजी निवडताना, देवापुढे दिवा लावताना तिला मधेच एखादा आठवतो आणि ती मला अर्थ विचारते. तंपु म्हणजे काय गं? गार. कूडु म्हणजे? बस. "बस म्हणत होते होय," ती म्हणते. "मी उभीच राहायची."

गेल्या रविवारी तिने विचारलं, "होंटीनि म्हणजे काय?"

"कधी म्हणाले?"

"त्या दिवशी सकाळी. तू कामाला गेल्यावर. दोनदा म्हणाले. माझा हात धरून."

मी तिला सांगितलं. निघालो मी, असा अर्थ होतो.

आईच्या हातात मेथीची जुडी होती. ती तिने खाली ठेवली.

"मला वाटलं पाणी मागतायत," ती म्हणाली. "मी हात सोडवून आत गेले. पाणी आणायला."